एका खेपेचा व्हिसा

काचेपलीकडच्या पोरीनं यादवरावांचा पासपोर्ट तिसऱ्यांदा उघडला, अंगठ्यानं तेच पान दाबून धरलं आणि शेजारच्या सहकाऱ्याला डचमध्ये काहीतरी विचारलं, तेव्हाच सुमती काचेजवळ सरकली. तीस वर्षं येरवड्याच्या शाळेत पोरं हाकलेल्या बाईला समोरच्याच्या भुवया वाचता येतात. ह्या भुवया काही बरं बोलत नव्हत्या.

"काय म्हणतेय ती?" तिनं विचारलं.

दोन दिवसांत नवऱ्याला विचारलेला तिचा हा पहिला प्रश्न होता. यादवरावांना त्याचाच आनंद झाला असावा. "काही नाही गं," ते ऐटीत म्हणाले. "नवीन दिसतेय कामाला. बघू दे. आपले कागद चोख आहेत."

हुक व्हॅन हॉलंडचं बंदर होतं ते. इंग्लंडहून सकाळी निघालेली बोट सव्वापाचला धक्क्याला लागली होती, पायी उतरलेली माणसं भराभर शिक्के मारून घेऊन बाहेर पडत होती आणि ही दोघं खिडकीशी अडकली होती. एरवी सुमतीनं बाकावर बसकण मारली असती. पण आज तिला एकेक मिनिट जड जात होतं. बोट लागता लागता जावयाचा, लोकेशचा, हेगजवळच्या झूटरमेरहून फोन आला होता. "आई, घाबरू नका. हर्षाला कळा सुरू झाल्यात. सकाळपासूनच होत्या, पण ती तुम्हाला सांगू देत नव्हती. मिडवाइफ येऊन बघून गेली, परत यायला निघालीय. मला आता घ्यायला येता येणार नाही. तुम्ही मेट्रोनंच या."

तारीख बारा दिवस पुढची होती. म्हणून तर ही दोघं इंग्लंडला जाऊन आली. लेकीनंच ढकललं होतं, "जा गं आई, बाबा पस्तीस वर्षं जप करतायत, एकदाचे त्यांना त्यांचे फिश अँड चिप्स खाऊन येऊ देत." आणि आता लेक तिकडं कळा देतेय नि आई इकडं खिडकीशी उभी!

काचेपलीकडची पोरगी हर्षाच्याच वयाची असेल. ती नीट, सावकाश इंग्रजीत बोलली. सुमतीला इंग्रजी बोलायला जड जायचं, पण कळायचं सगळं.

"सर, तुमचा व्हिसा एका प्रवेशाचा आहे. दीड महिन्यापूर्वी तुम्ही स्किपोल विमानतळावर आत आलात. सहा दिवसांपूर्वी इथूनच बाहेर पडलात. तो व्हिसा तिथंच संपला."

यादवराव हसले. "मॅडम, नव्वद दिवसांचा आहे तो. अजून पंचेचाळीस शिल्लक आहेत. मोजून बघा."

"दिवस शिल्लक आहेत, सर. प्रवेश शिल्लक नाही."

आणि तिनं पासपोर्ट काचेला टेकवून दाखवला. व्हिसाच्या स्टिकरवर एका चौकटीत छापलं होतं, शून्य एक. मग तिनं सुमतीचा पासपोर्ट उघडून शेजारी धरला. त्याच चौकटीत तिथं 'मल्ट' असं लिहिलं होतं. "मॅडम, तुम्ही येऊ शकता. तुमचा अनेक प्रवेशांचा आहे. सरांना आज रात्रीच्या बोटीनं इंग्लंडला परत जावं लागेल."

यादवरावांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरायचं विसरल्यासारखं. ते शून्य एककडे बघत राहिले. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, पण ह्या माणसाची चूक कुणी काढलेली सुमतीनं आजवर बघितली नव्हती.

आता ही चूक कुणाची, ते सांगायला ज्योतिषी नको. यादवराव खडकीच्या सरकारी कारखान्यात तपासनीस होते. छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं काम तपासलं. केसाएवढा फरक निघाला की माल परत! घरातही तीच तऱ्हा. दुधाची पिशवी, लेकीची मार्कलिस्ट, लग्नाची पत्रिका, सगळ्यावर एकच शेरा, "तपासलंय मी." तो शेरा पडला की विषय संपला.

बाळंतपणासाठी यायचं ठरलं तेव्हा हर्षानं झूटरमेरहून व्हिडिओ कॉल लावून आईचा फॉर्म स्वतः भरला. बाबांचाही भरायला बसली तर बाबा उसळले. "मी लोकांचे फॉर्म तपासलेत आयुष्यभर, माझा तू भरणार?" घेतला आणि बसले दार लावून. किती वेळा प्रवेश हवा, असा रकाना आला. यादवरावांनी विचार केला, एकदाच जाणार, एकदाच येणार. जास्त मागितलं की सरकारला संशय येतो. कमी मागणाऱ्याचं काम होतं. केली 'एकदाच'वर खूण. इंग्लंडचा व्हिसा वेगळा काढला होता, त्याची फाइल लाल; हॉलंडची फाइल निळी. दोन देश, दोन व्हिसा, दोन फाइली. लाल फाइलीतून परत निळ्या फाइलीत यायला दार लागतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

हर्षानं दोनदा विचारलं होतं. "बाबा, मधे इंग्लंड करायचंय ना? मल्टिपल टाकलंय ना तुम्ही?"

"तपासलंय मी."

पासपोर्ट तरी कुणी बघावा? दोघांचेही पासपोर्ट यादवरावांच्या सदऱ्याखाली, गळ्यातल्या कापडी पाकिटात. सुमतीचं ट्रामचं कार्डसुद्धा तिथंच. अंघोळीपुरतं ते पाकीट खुंटीवर जायचं, एरवी छातीवर.

"माझी मुलगी बाळंत होतेय," यादवराव शेवटी काचेला म्हणाले. आवाज बदलला होता. "आत्ता. ह्या घटकेला. इथून तासाभरावर. प्लीज."

पोरगी उठून आत गेली. वरच्या साहेबाशी बोलून आली. आणलं काय, तर एक छापील कागद आणि डोळ्यांत खरीखुरी कणव. "मी विचारलं, सर. स्वतःचं आजारपण असतं, जिवावरचं काही असतं, तर मार्ग निघाला असता. नातवंडाच्या जन्मासाठी नाही निघत. आय ॲम सॉरी."

छत्तीस वर्षं लोकांचा माल परत पाठवणारा माणूस आज स्वतःच परत निघाला होता. आणि कुठं? इंग्लंडला!

दुसरी कुणी असती तर तिला हसू फुटलं असतं. सुमतीला फुटलं नाही. तिच्या पायाखालची जमीन सरकली होती खरी, पण ती आत्ता नाही, दोन दिवसांपूर्वीच सरकली होती, नॉटिंगहॅममध्ये, एका म्हाताऱ्या गोऱ्याच्या बैठकीच्या खोलीत चहा पिताना.

इंग्लंड म्हणजे यादवरावांचं दैवत. एकोणनव्वद साली कारखान्यानं त्यांना चौदा महिने ट्रेनिंगला नॉटिंगहॅमला धाडलं होतं. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, जयंतीची वर्गणी असो, "आम्ही इंग्लंडला असताना" हे आलंच. आम्ही कोण? हा एकटाच! सुमती तेव्हा इकडं पोटुशी होती. तो मेमध्ये गेला तेव्हा सहावा संपत आला होता. ऑगस्टात हर्षा झाली. आई आधीच वारलेली, सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं. शेजारच्या मावशीनं रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. दोन दिवस, दोन रात्री कळा. मूल आडवं होतं. डॉक्टरीण मावशीला बाजूला घेऊन काहीतरी बोलली आणि मावशी रडायला लागली, एवढं सुमतीला दिसलं होतं. त्या दोन दिवसांत तिनं एकच गोष्ट मागितली होती. नवरा हवा होता. करायला काही नाही, नुसता शेजारी.

नवऱ्याचं पत्र आलं होतं, 'रजा मिळत नाही. गोरा साहेब एक दिवस सोडायला तयार नाही.' सुमतीनं ते पत्र अजून ठेवलंय. आणि पुढं हर्षा मोठी झाल्यावर विचारायची, "मी झाले तेव्हा बाबा कुठं होते?" तेव्हा सुमती दर वेळी सांगायची, "बाबांना यायचं होतं गं खूप. पण सोडलं नाही त्यांना."

पस्तीस वर्षं हे ती सांगत आली. आणि मनापासून.

म्हणून ह्या सहलीत तिला खरोखर मजा आली, पहिले चार दिवस. लंडनमध्ये बाबासाहेब राहिले होते त्या घरापुढं दोघांनी हात जोडले आणि दोघांचेही डोळे भरून आले. नॉटिंगहॅमला यादवराव नुसते उधळले. ही माझी बसची लाइन, ही ती खाणावळ, हे माझं घर बघ, खिडकी नवीन बसवलीय लेकांनी! आणि खाणं! मासा तळून त्यावर सणसणीत व्हिनेगर, शेजारी बटाट्याचे जाडजूड तुकडे. सुमतीनं आयुष्यभर त्याचं वर्णन ऐकून कान किटवून घेतले होते, पण खरं सांगायचं तर तो मासा वर्णनापेक्षा चांगला निघाला. हिरव्या वाटाण्याचा लगदा आला, त्यावर पुदिन्याची आंबट चटणी. "अहो, हा तर आपला रगडाच की!" ती म्हणाली, आणि आणखी एक वाटी मागवली. गोल पाव तिथं कॉब म्हणतात, त्यात अंडं घालून सकाळी. रविवारी भाजलेलं मटण आणि रस्सा, सोबत फुगलेली पुरीसारखी भानगड. जावयासाठी यादवरावांनी मोठ्ठा चीजचा गोळा आणि मटणाचं सारण भरून भाजलेला 'पाय' नावाचा प्रकार पिशवीत भरून घेतला.

पाचव्या दिवशी रेजकडे चहा. रेज म्हणजे यादवरावांचा त्या वेळचा जोडीदार, आता एक्क्याऐंशीचा. गुडघे गेलेले, बाकी ठणठणीत. त्यानं केक कापला, मग आल्बम काढला. "ही गंमत बघा," म्हणून एक फोटो त्यानं सुमतीच्या हातात ठेवला. समुद्राची वाळू. चार गोरे नि मधे यादवराव. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, डोक्यावर कुणाची तरी गवती टोपी, एका हातात आइस्क्रीमचा कोन, दुसऱ्या हातानं एका गाढवाचा कान धरलेला. तोंड उघडं टाकून हसतोय माणूस.

सुमतीही हसली. मग तिची नजर फोटोच्या कोपऱ्यात गेली. त्या काळी काही कॅमेरे फोटोवरच तारीख छापायचे, नारिंगी आकड्यांत. सोळा, आठ, एकोणनव्वद.

सोळा ऑगस्ट. हर्षाचा वाढदिवस.

रेज आपला आनंदात सांगत होता. दर ऑगस्टात आमचा अख्खा कारखाना पंधरा दिवस बंद असायचा, सगळ्यांना सक्तीची सुट्टी! आम्ही ह्याला ओढून समुद्रावर, स्केगनेसला नेला. काय धमाल केली! परत आलो तर ह्याच्या दाराखाली तार येऊन पडलेली. मुलगी झाल्याची. चार दिवस तशीच पडून होती बिचारी!

सुमतीच्या हातातला केकचा तुकडा बशीत परत गेला. कारखाना बंद. पंधरा दिवस. एक दिवससुद्धा सोडत नाही म्हणणारा साहेब स्वतःच कुठंतरी वाळूत पडला असणार.

हॉटेलवर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "रजा नव्हती ना मिळत?"

यादवराव बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, पंधरा दिवसांसाठी विमानाचं भाडं कोण देणार होतं? आणि येऊन तरी मी काय करणार होतो? बाळंतपण काय पुरुषाचं काम आहे?"

"मग तसं लिहायचं होतं."

त्यांनी बूट पलंगाखाली सारले. तेव्हापासून थेट ह्या खिडकीपर्यंत, 'मीठ द्या' आणि 'सरका' ह्यापलीकडं तिच्या तोंडातून शब्द गेला नव्हता.

आता काचेपलीकडच्या पोरीनं छापील कागदावर यादवरावांची सही घेतली आणि दोन्ही पासपोर्ट खालच्या फटीतून बाहेर सरकवले. यादवरावांनी सवयीनं दोन्ही उचलले, सवयीनं पाकिटात कोंबले, वरचं बटण लावलं.

"चल सुमे," ते म्हणाले. "बॅग उचल. इंग्लंडला परत जाऊ, लोकेशला सांगू लंडन-मुंबई तिकीट काढायला. तिथून मी नवीन अर्ज करतो. महिन्याभरात परत येऊ दोघं."

"आपण?" सुमती म्हणाली.

"मग काय तू एकटी जाणार? मेट्रो, मग ट्रेन, मग ट्राम. दोनदा बदलायचं. तुला पाट्या वाचता येतात का इथल्या? चुकलीस म्हणजे? आणि मला असं एकट्याला टाकून..." त्यांनी तिच्या पर्सकडं बोट दाखवलं. "माझ्या गोळ्या तुझ्या पर्समध्ये असतात, सुमे. मला कुठली कधी घ्यायची ते पण माहीत नाही."

सुमतीनं त्यांच्याकडं बघितलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांत भीती. खरी भीती. तिला दया आली आणि दयेचाच राग आला. एक्केचाळीस वर्षं ती अशीच बॅग उचलत आली होती. हात आत्ताही बॅगेकडं गेला होता, हेही तिच्या लक्षात आलं.

फोन वाजला. लोकेश. पण बोलली हर्षा, दात आवळून. "आई, कुठं आहेस गं? ये ना लवकर." आणि मग शब्द नाहीतच, नुसता लांब श्वास, आणि मागं कुणा बाईचा शांत आवाज.

"आले," सुमती म्हणाली. फोन ठेवला.

मग ती खाली वाकली, बॅग उघडली आणि तिथंच, रांगेतल्या लोकांसमोर, दोन ढीग केले. गोळ्यांचा डबा यादवरावांच्या हातात. "पांढरी सकाळी, उपाशीपोटी. गुलाबी रात्री जेवल्यावर. तिसरी जीव घाबरला तरच." शाल त्यांना. बनियन, टॉवेल त्यांना. चीजची आणि मटणाची पिशवी त्यांना. "हे इथं आत नेऊ देत नाहीत म्हणे. तुम्हीच खा, निवांत."

"सुमे, अगं..."

तिनं हात पुढं केला. "माझा पासपोर्ट द्या."

यादवराव ऐकू न आल्यासारखे उभे राहिले. ही वाक्यरचनाच त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"माझा पासपोर्ट द्या. आणि माझं ट्रामचं कार्ड."

त्यांनी बटण काढलं. दोन्ही पासपोर्ट सारखेच निळे, तेव्हा उघडून फोटो बघावा लागला. कोणता कुणाचा ते तपासून त्यांनी तिचा तिला दिला. मग कार्ड दिलं. आणि अगदी हळू म्हणाले, "मी असायला हवा होतो गं तिथं."

तोंडाशी आलेलं वाक्य सुमतीला गिळता आलं असतं. तिनं गिळलं नाही.

"तुम्ही येऊन काय करणार होता? बाळंतपण काय पुरुषाचं काम आहे?"

यादवराव खाली बसले, बाकावर, गोळ्यांचा डबा मांडीवर धरून. सुमतीनं पासपोर्ट पुन्हा फटीतून आत सरकवला, पोरीनं शिक्का मारला, आणि ती बाहेर पडली. मागं वळून बघितलं असतं तर पाय निघाले नसते. म्हणून तिनं बघितलं नाही.

पुढचे दोन तास तिला नीटसे आठवतही नाहीत. मेट्रोच्या खांबाला कार्ड लावलं, टिंग असा आवाज आला, तेवढ्यानंही धीर आला. स्खीडामला एका सायकलवाल्या मुलीला तिनं विचारलं, "द हेग? ट्रेन?" आणि पोरगी सायकलीसकट तिला फलाटापर्यंत सोडून आली. हेगला मात्र ट्राम ओळखीची. कोथिंबीर आणायला ती त्याच ट्राममधून जायची. आठ वाजून गेले तरी ऊन होतं. दारापाशी मिडवाइफची सायकल भिंतीला टेकवलेली दिसली आणि सुमतीला रडू फुटलं. दोन मिनिटं रडली, तोंड पुसलं, घराचा उभा जिना चढली.

पलंग उंच केलेला होता. इथला कायदाच तसा, बाळंतिणीचा पलंग ठरावीक उंचीला हवा, म्हणून खाली लाकडी ठोकळे. ते ठोकळे यादवरावांनी बसवले होते, टेप लावून, चारदा मोजून. मिडवाइफनं येऊन मोजलं आणि म्हणाली होती, एवढं अचूक कुणी बसवत नाही. त्या दिवशी पठ्ठ्या जेवताना दोन पोळ्या जास्त जेवला होता.

हर्षानं आईचा हात असा पकडला की बांगडी रुतली. मग दाराकडं बघितलं. "बाबा?"

सुमतीनं तिच्या कपाळावरचे केस मागं केले. "बाबांना यायचं होतं गं खूप," ती म्हणाली. "सोडलं नाही त्यांना." आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात पुढं म्हणाली, "ह्या वेळेला खरंच."

हर्षाला पुढचं ऐकू गेलं नाही. कळ आली होती.

नऊच्या सुमारास, खिडकीत अजून उजेड असतानाच, मुलगी झाली. साडेतीन किलो, काळंभोर जावळ, आवाज पणजीचा. लोकेश भिंतीला टेकून ढसाढसा रडला. तो पूर्णवेळ तिथं होता. त्यानं काय केलं म्हणाल तर काही नाही, पाणी दिलं, हात धरू दिला, दोन शिव्या खाल्ल्या. पण शेजारी होता. सुमती त्याच्याकडं बघत राहिली आणि पस्तीस वर्षांपूर्वीची ती खाट, ती मावशी, ते रिकामं दार असं सगळं एकदम समोर आलं.

मग मदतीला आलेल्या बाईनं कडक गोल टोस्टवर लोणी लावून वर गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या पसरल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. मुलगी झाली की इथं हेच वाटतात. सुमतीनं टोस्ट बशीत ठेवला आणि फोन घेतला.

एकोणनव्वद सालची तार तिला पाठ होती. मावशीच्या मुलानं पोस्टात जाऊन केली होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिनं तेच टाइप केलं. तेच चार शब्द.

अंगठा बटणावर थांबला. चार दिवस. नुसतं चार दिवस पडू द्यावं हे असंच. लोकेशलाही सांगावं, कळवू नकोस. कळू दे एकदा, काय असतं ते.

खरं सांगायचं तर अंगठा बराच वेळ थांबला होता. मग तिनं दाबलं.

फोन लगेच वाजला. पलीकडून आधी बंदरावरचा वारा ऐकू आला. मग यादवरावांचा आवाज आला, पण तपासनिसाचा नाही, भलत्याच कुणाचा.

"सुमे, अजून मी इथंच आहे. बोट दहाला सुटते. त्या पोरीनं मला चहा आणून दिला." मग एका दमात म्हणाले, "कारखाना बंद होता गं तेव्हा. तिकिटाचे पैसे पण होते. मला भीती वाटली होती. दवाखान्याची, तुझं काही बरंवाईट झालं तर त्याची. म्हणून गेलो समुद्रावर. पत्र खोटं लिहिलं मी."

सुमती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. रागानं तिच्या मुठी वळल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, दोन्ही एकदम.

"हर्षाला सांगशील?" त्यांनी विचारलं.

"नाही. ते तुम्ही सांगायचं. भारतातून परत याल तेव्हा, समोर बसून. मी ह्यापुढं तुमच्या वतीनं काही सांगणार नाही."

"आत्ता काय करू मग?"

सुमती उठली. आत हर्षा बाळाला छातीशी धरून डोळे मिटून पडली होती.

"आत्ता तिला फक्त विचारा, बरी आहेस का म्हणून," ती म्हणाली. "मला तेवढंच हवं होतं."

आणि तिनं फोन लेकीच्या कानाला लावला.